जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी काढून फोरके डिस्क घ्याव्यात का? कपाट आवरण्याआधी सल्ला हवाय

मुठाकाठ

मंडळी, दिवाळीत ५५ इंची फोरके टीव्ही घेतला आणि भाचीने अमेरिकेहून येताना फोरके ब्लू-रे प्लेअर आणला. हौसेने पहिल्याच रात्री कपाटातली एक जुनी कृष्णधवल मराठी व्हीसीडी लावायला घेतली, तर नव्या प्लेअरने ती घेतलीच नाही. मग जुना डीव्हीडी प्लेअर माळ्यावरून काढला, पुसला, जोडला. चित्र आलं, पण नायिकेचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन. ती मान वळवायची तेव्हा साडीचे काठ विरघळायचे आणि थांबली की परत जमून यायचे. हाच सिनेमा आम्ही २१ इंची टीव्हीवर पंधरा वर्षं आनंदाने पाहिलाय.

१९९९ पासून जमवलेला संग्रह आहे. व्हीसीडीचे १४० संच, २२० च्या आसपास डीव्हीडी, ३० ब्लू-रे. निम्मं मराठी, बरंचसं हिंदी, थोडं बंगाली आणि जपानी. आता घराचं काम निघालंय, कपाट हलवावं लागणार. मुलगा म्हणतो, बाबा, आवडते पन्नास सिनेमे फोरकेवर घ्या आणि बाकीचं भंगारात द्या. माझा हात धजत नाही. पण सगळं ठेवायचं तर कशासाठी, हेही मला त्याला नीट सांगता आलं नाही. कुणी असं कपाट आवरलं असेल तर सांगा. नव्या डिस्कवर पैसे नेमके कुठे घालायचे आणि जुन्यांचं काय करायचं?

रात्रपाळी

मुठाकाठ, मी गोरेगावला कलर ग्रेडिंगच्या खोलीत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते चौकोन. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. तुमच्या टीव्हीत ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. पडदाभर ताणलं तर टीव्हीला एकेका ठिपक्यातून ऐंशीएक ठिपके उभे करायचे असतात. तो करणार काय बिचारा. डीव्हीडी ७२० बाय ५७६ म्हणजे चार लाखांच्या पुढे, आणि ब्लू-रे १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांच्या पुढे. डोळ्यांना जाणवणारी मोठी उडी डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाताना असते. ब्लू-रेवरून फोरकेवर गेलात आणि दहा फुटांवर बसलात, तर ठिपक्यांचा फरक फारसा कळणार नाही. कळेल तो रंगांचा आणि उजेड-अंधाराचा, कारण फोरके डिस्कवर एचडीआर असतं, म्हणजे उजेडापासून अंधारापर्यंतचा पल्ला जास्त मोठा. पण त्यालाही टीव्ही तेवढा उजळ लागतो. नाहीतर तेच चित्र काळवंडलेलं वाटतं आणि लोक डिस्कला नावं ठेवतात.

आता मुद्द्याचं. वेष्टणावर फोरके लिहिलंय म्हणून सिनेमा फोरकेमध्ये तयार झालाय असं धरू नका. २००० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतल्या कितीतरी सिनेमांचं अंतिम काम टूकेमध्ये, म्हणजे जवळपास ब्लू-रेएवढ्याच ठिपक्यांत, झालंय. त्यांची फोरके डिस्क म्हणजे तेच वाढवून दिलेलं चित्र. उलट १९५०-६० मधला ३५ मिलिमीटरवरचा सिनेमा असेल आणि त्याची निगेटिव्ह शाबूत असेल, तर तिच्यात फोरकेला पुरून उरेल इतका तपशील दडलेला असतो. म्हणून विकत घेताना एकच प्रश्न विचारा: नवा स्कॅन झालाय का आणि तो कशावरून झालाय? मूळ निगेटिव्हवरून की कुठल्यातरी थिएटरात झिजलेल्या प्रिंटवरून?

तुमच्याकडे बंगाली सिनेमे आहेत म्हणून उदाहरण देतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. फिल्म आक्रसली, ठिसूळ झाली, पण जे उरलं ते कुणी फेकलं नाही. अमेरिकेतल्या अकादमी फिल्म आर्काइव्हने जपून ठेवलं. पुढे क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-कंपनीने इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तज्ज्ञांकडून त्या जळक्या फिल्मला हाताने, इंच-इंच करून पुन्हा ओलावा दिला, ती सांधली आणि फोरकेमध्ये स्कॅन केली. जिथे निगेटिव्ह उरलीच नव्हती तिथे दुसऱ्या चांगल्या प्रतींमधून भाग घेतले. २०१५ मध्ये ते पडद्यावर आणि मग ब्लू-रेवर आलं. तुमच्याकडे जुनी डीव्हीडी असेल तर शेजारी शेजारी लावून बघा. काशफुलांच्या माळावरून दोघं भावंडं पळतात तिथे डीव्हीडीत पांढरा धुरळा दिसतो, नव्या प्रतीत एकेक तुरा वेगळा हलतो. पैसे तिथे घालायचे.

आणखी एक सांगतो, कारण माझा जीव यात तुटतो. काही कंपन्या जुना सिनेमा 'स्वच्छ' करताना फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातली मूळची बारीक खरखर, पार पुसून टाकतात. चेहरे मेणाचे होतात, कपाळावरच्या आठ्या जातात. तो दाणा म्हणजे घाण नव्हे, तेच तर चित्र आहे. अशी नवी डिस्क जुन्या ब्लू-रेपेक्षा वाईट. घेण्याआधी दोन्हींतल्या एकाच प्रसंगाची चित्रं शोधून ताडून बघा.

एडिसनकर

भाचीने आणलेला प्लेअर जोडून झालाय असं दिसतं, तरी मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. फक्त १२० असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय पुन्हा लावू नका. माझ्या भावाचा असाच एक प्लेअर साताऱ्याला पहिल्याच मिनिटाला गेला.

दुसरं रीजनचं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याच्या कुलपाचं. अमेरिकन प्लेअर डीव्हीडीसाठी रीजन १ आणि ब्लू-रेसाठी ए ला बांधलेला असतो. भारत डीव्हीडीत ५ आणि ब्लू-रेत सी. मराठी-हिंदी डीव्हीडी बऱ्याचदा सगळीकडे चालणाऱ्या असतात, पण भारतात घेतलेल्या हॉलिवूडच्या डीव्हीडी तुमच्या नव्या प्लेअरवर अडतील. पृथ्वीगोलाच्या चिन्हात आकडा असतो, तो बघून घ्या. शिवाय भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीच्या डिस्क इथले, अमेरिकेतले, प्लेअर घेतीलच असं नाही. जपानच्या ब्लू-रे मात्र चालतील, कारण ब्लू-रेसाठी जपान आणि अमेरिका एकाच गटात आहेत, डीव्हीडीत मात्र नाहीत. फोरके डिस्कना रीजनच नाही, ती कुठूनही मागवा.

थोडक्यात, जुना डीव्हीडी प्लेअर टाकू नका. व्हीसीडीसाठी तर तोच लागणार. मुलाकडे पीएस फाइव्ह हा गेमचा खोका असेल तर त्यावर फोरके डिस्क आणि डीव्हीडी चालतात, पण तो सीडी वाचत नाही, त्यामुळे व्हीसीडीही नाही.

पेटीवाला

मला तांत्रिक काही कळत नाही, पण बरीच वर्षं छळणारी एक गोष्ट इथे विचारतो. मी भजनाला पेटी वाजवतो. एका जुन्या मराठी सिनेमातलं गाणं माझ्याकडे रेकॉर्डवर आहे आणि सिनेमाची व्हीसीडीही आहे. रेकॉर्ड लावून पेटी धरली की गाणं काळी एकात चोख बसतं. व्हीसीडीवर तेच गाणं कुठल्याच पट्टीत बसत नाही. काळी एकच्या वर जातं आणि पांढरी दोनला पोचत नाही. बाईंचा आवाजही किंचित कोवळा वाटतो. मी पेटी दोनदा ट्यूनिंगला देऊन आलो. माझ्या कानाचा दोष आहे का?

रात्रपाळी

पेटीवाले काका, तुमच्या कानाला नमस्कार. दोष व्हीसीडीचा आहे, पेटीचा नाही.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्या पाल पद्धतीत २५ लागतात. मग सोपा उपाय म्हणून सिनेमाच थोडा वेगात पळवतात. ४ टक्क्यांची वाढ. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजही तेवढाच चढतो. हा चढ अर्ध्या सुराहून थोडा कमी भरतो, म्हणून काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच लोंबकळणार. पाल डीव्हीडीतही हेच. परदेशात विकायला काढलेल्या हिंदी डीव्हीडी अनेकदा एनटीएससी या अमेरिकन पद्धतीच्या असतात, त्यांत हा चढ नसतो. ब्लू-रे आणि फोरकेवर २४ ला २४ चित्रं बसतात, त्यामुळे गाणं आपल्या जागेवर येतं. नवी डिस्क घेण्याचं हे माझ्या मते चित्राइतकंच मोठं कारण आहे, विशेषतः आपल्या सिनेमांसाठी.

पेटीवाला

फार बरं वाटलं वाचून. आमच्या हिलाही दाखवलं. पण मग ज्या सिनेमाची ब्लू-रे निघालीच नाही त्याचं काय?

जुनाबाजार

काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. तेच लिहायला आलो.

२००१ पासून दहा वर्षं मिरजेत माझी सीडी लायब्ररी होती. त्या काळात मराठीचं जे काही डिस्कवर आलं ते बहुतेक व्हीसीडीवर आलं. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. तेव्हा तर भाजी आणायला आलेली माणसं पिशवीत दोन सिनेमे टाकून नेत. तमाशापट, संतपट, सत्तरीतले विनोदी सिनेमे, ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत असे सगळे. त्यातल्या किती सिनेमांची पुढे ब्लू-रे आली? माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी मला एकही सांगता येणार नाही.

म्हणून मुठाकाठ, तुमच्या मुलाला असं सांगा. ज्या पन्नास सिनेमांची फोरके डिस्क मिळते ते सिनेमे सुरक्षित आहेत, तुम्ही घेतली नाही तरी. धोका उरलेल्यांना आहे. भंगारात जाणार ते नेमकं तेच, ज्याची दुसरी प्रत मिळायची नाही. तुम्ही आधी व्हीसीडी वाचवा, खरेदी नंतर.

आता व्हीसीडी कशी वाचवायची ते. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा, लेबल आपल्याकडे. आरपार टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा चंदेरी थर गेला. व्हीसीडी ही सीडीच आहे आणि सीडीत माहिती असते ती लेबलाच्या लगेच खाली, खालच्या चकचकीत बाजूला नाही. लोक खालची बाजू जपतात आणि वर बॉलपेनने नाव लिहितात. खालचा ओरखडा एकवेळ पॉलिशने निघतो, वरचा म्हणजे माहितीच खरवडली. डीव्हीडीत माहिती दोन चकत्यांच्या मध्ये असते म्हणून ती जास्त टिकाऊ. ब्लू-रेत ती खालच्या पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, पण तिथे कडक लेप दिलेला असतो.

पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवून कधीच नाही.

प्रत काढताना बहुतेकांची एक चूक होते, ती म्हणजे व्हीसीडीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, काढणं. साध्या डेटा सीडीत एका खंडात २०४८ बाइट मावतात, बाकी जागा चूक-दुरुस्तीला ठेवलेली असते. व्हीसीडीत चित्रासाठी ती जागाही वापरून २३२४ बाइट भरलेत. आयएसओ २०४८ चा हिशेब धरते, त्यामुळे सिनेमा अर्धवट येतो. बिन आणि क्यू अशी जोडी काढणारं सॉफ्टवेअर वापरा. आणि चूक-दुरुस्तीची ही जादा जागा नसल्याने जरा ओरखडा आला की चित्र तुटतं. तेव्हा एका ड्राइव्हने डिस्क सोडली तर दुसऱ्यात घालून बघा. माझ्याकडे तीन जुने ड्राइव्ह आहेत. पहिल्याने टाकून दिलेल्या डिस्क तिसऱ्याने वाचल्याचं मी कितीदा पाहिलंय.

प्रत घरच्या जपणुकीपुरती. ती वाटू नका, कुठे चढवू नका.

धावपट्टी

इतका खटाटोप कशाला? आता सगळं ओटीटीवर आहे की.

मुठाकाठ

धावपट्टी, मलाही तसंच वाटायचं. माझ्या १४० संचांची यादी घेऊन गेल्या आठवड्यात एकेक शोधत बसलो. चांगल्या प्रतीत, पूर्ण, वर्गणी भरून पाहता येतील असे फार थोडे निघाले. काही यूट्यूबवर आहेत, पण कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, चित्र आडवं ताणलेलं, आणि एका सिनेमातली तर मधली लावणीच गायब. जे आज आहे ते करार संपला की उद्या नसतं. आणि दर्जाचंही आहेच. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएसचं इंटरनेट पुरेसं म्हणतं, फोरके डिस्क १०० च्याही वर जाऊ शकते. अंधारातल्या प्रसंगात ते लगेच दिसतं.

पुण्यात राहतो म्हणून आणखी एक आठवण मनात घर करून आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून इथे आहे. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या त्यांच्या व्हॉल्टला आग लागली आणि नायट्रेटवरच्या जुन्या फिल्म जळाल्या. नायट्रेट पेटलं की विझवता येत नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन मी कितीतरी वेळ नुसता बसलो होतो. संग्रहालयात असूनही जातं, तर माझ्या कपाटातलं मी आपल्या हाताने कसं टाकू?

मोगरा

माझा प्रश्न सिनेमाचा नाही, पण इथली माणसं जाणकार दिसतात म्हणून विचारते. १९९७ मधलं आमचं लग्न व्हीएचएसवर आहे. २००५ मध्ये एका दुकानातून त्याची डीव्हीडी करून घेतली. आता ती मंगलाष्टकांपाशी अडकते आणि पुढे जातच नाही. तिथेच पुढे माझे बाबा बोललेत. त्यांचा आवाज असलेलं दुसरं काही आमच्याकडे नाही. कॅसेट आहे अजून. काही होईल का?

जुनाबाजार

ताई, होईल, पण आज-उद्याच हात घाला. दुकानातून घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कवर माहिती साच्याने दाबलेली असते. तुमची डिस्क घरगुती, म्हणजे खालून जांभळट दिसणारी. तिच्यात रंगाचा थर लेसरने जाळून माहिती लिहितात, आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वयानेही फिकट होतो. ती आता प्लेअरवर पुन्हा पुन्हा लावू नका. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर, अडलेला भाग सोडून पुढचं वाचत जाणाऱ्या सॉफ्टवेअरने तिची पूर्ण प्रत काढा. मग राहिलेल्या तुकड्यांसाठी ड्राइव्ह बदला.

आणि कॅसेट अजिबात टाकू नका. मूळ ती आहे.

कोकणकडा

मोगराताई, कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून आतल्या रिळाकडे बॅटरी मारून बघा. कडेला पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर टेप चिकटून तुटते आणि मशीनच्या हेडलाही लागते. माझ्याकडे रत्नागिरीत असंच एक बारसं गेलं. अशी टेप आधी जाणकाराकडून उघडून साफ करून घ्या. व्हीसीआरही आता जपून वापरा, कारण जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये शेवटचे काढले, त्यानंतर नवे बनत नाहीत.

इथे पावसाळ्यात डिस्कनाही बुरशी धरते. मी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांतून सगळ्या बाहेर काढल्या, कारण ती दमट हवेत डिस्कला चिकटतात आणि काढताना डाग राहतात. आता कडक डब्यांत, पुस्तकासारख्या उभ्या, स्टीलच्या कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ऑक्टोबरच्या उन्हात पुड्या बदलतो, डिस्क उन्हात ठेवत नाही.

मोगरा

रात्री बघितलं. रीळ स्वच्छ आहे. डिस्कची प्रत मुलगा काढतोय, चाळीस टक्के झालीय. बाबांपर्यंत अजून आलेलं नाही.

रात्रपाळी

ताई, टेपवरून करून घेतलंत तर दुकानदाराला डीव्हीडी मागू नका, फाइल मागा. ती दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि एक दुसऱ्या घरी. रिकाम्या डिस्कवर जपायचे दिवस सरत आलेत. सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी लिहायच्या ब्लू-रे बनवणं थांबवलं.

मुठाकाठ

सात आठवड्यांनी लिहितोय.

फोरके आणि ब्लू-रे मिळून अकराच डिस्क घेतल्या. रात्रपाळींनी सांगितलं तसं, जिथे निगेटिव्हवरून नवा स्कॅन झालाय तेवढ्याच. काशफुलांचा प्रसंग आम्ही दोघांनी तीनदा पाहिला. मुलगा मागे उभा राहून बघत होता, मग येऊन बसला.

व्हीसीडीच्या १४० संचांपैकी ९६ वाचून झाले. एका डिस्कला साधारण दहा मिनिटं, ओरखडा असेल तर तासही जातो. मुलाने यादीचा तक्ता करून दिलाय: सिनेमा, कंपनी, कुठली डिस्क किती वाचली. रात्री जेवणं झाली की मी डिस्क पुसून देतो आणि तो ड्राइव्हमध्ये घालतो. भंगाराचं नाव त्याने पुन्हा काढलेलं नाही.

पहिल्या रात्री लावलेल्या त्या कृष्णधवल सिनेमाच्या तीन डिस्कपैकी तिसरी उजेडात धरली तर चाळणी झालेली. चार ड्राइव्ह झाले, शेवटची वीस मिनिटं काही येईनात. जुनाबाजारांना विचारलं तर लायब्ररीच्या शेवटच्या खोक्यात त्यांच्याकडे तोच संच निघाला. तिसरी डिस्क त्यांनी वहीच्या दोन पुठ्ठ्यांत बांधून कुरियरने पाठवली. ती पहिल्याच ड्राइव्हवर शेवटपर्यंत वाचली. त्यांची डिस्क परत मिरजेला रवाना केली.

मग मुलाने चित्र आणि आवाज दोन्ही २५ वरून २४ वर उतरवले. चौकोन आहेत तेवढेच राहिले, ते जाणार नव्हतेच. पेटीवाले काका रविवारी पेटी घेऊन घरी आले होते. गाणं काळी एकात बसलं.

अजून ४४ संच बाकी आहेत. मोगराताई, बाबांपर्यंत पोचलात का?